धम्मप्रियाचं कव्हर लेटर

धम्मप्रिया सरवदे जन्मापासून आंधळी आणि सिनेमाची वेडी. हे दोन्ही एका माणसात कसं काय नांदतं, असं कुणी विचारलं की ती हसून म्हणायची, "आमच्या आईला विचारा."

आई म्हणजे चांगुणाबाई. सोलापुरात बुधवार पेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर. चांगुणाबाई एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. बाप नागनाथ कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळच्या गाडीनं यायचा. आठवडाभर चूल, भांडी आणि पोरांचा कालवा यांत गेलेली चांगुणाबाई रविवारी मात्र कुणाची नसायची. चांगली साडी नेसायची, लेकीचा हात धरायची आणि थेटर गाठायची.

शेजारणी म्हणायच्या, "चांगुणे, तिला कशाला न्हेतीस गं? तिला काय दिसणार हाय?"

"मला दिसतंय की," चांगुणाबाई म्हणायची. "दोघीत एक जोडी डोळं बास हायत."

थेटरातला गलका खाली बसला आणि पडद्यामागून पहिलं संगीत घुमलं, की आईचं तोंड धम्मप्रियाच्या कानाशी यायचं. "मोठा बंगला हाय. जिन्यावरनं एक बाई उतरायलीय. हिरवी साडी. तोंड रडल्यागत. खाली नवरा बसलाय, पेपर वाचायलाय. ती आली तरी वर बघंना बघ." असा सगळा पिक्चर ती लेकीच्या कानात ओतायची.

आता, हळू बोलणं हे काही चांगुणाबाईच्या रक्तात नव्हतं. शंभर पोरांना रांगेत उभं करणारा आवाज तो. एकदा पुढच्या रांगेतला माणूस वैतागून मागं वळला.

"ओ मावशी, पिक्चर बघू द्या की आमाला!"

"बघा की. मी कुटं तुमचं डोळं झाकलेत? हिला दिसत न्हाय म्हणून हिला सांगायलीय."

तो माणूस पुन्हा पडद्याकडं वळला. इंटरव्हलला धम्मप्रियाला शेजारी भाजक्या शेंगांचा वास आला आणि पाठोपाठ कागदाची गरम पुडी हातात पडली. तोच माणूस होता. तो चांगुणाबाईला विचारत होता, "मावशी, त्या म्हाताऱ्यानं देवळीत काय लपवलं वो? माझं ध्यान नव्हतं." राहिलेला पिक्चर त्यानं त्यांच्याच रांगेत बसून बघितला, आणि मधूनमधून "आता?" म्हणून चांगुणाबाईलाच विचारत राहिला.

सुरुवातीला चांगुणाबाई संवादांवरही बोलायची. हिरो काळजाला हात घालणारं काहीतरी बोलत असायचा आणि ही त्याच्या शर्टाच्या गुंड्या मोजत असायची. मग धम्मप्रिया तिच्या दंडाला कचकून चिमटा काढायची. घरी आल्यावर दंड चोळत चांगुणाबाई नवऱ्याला दाखवायची, "बघा, तुमच्या लेकीनं काय केलंय!" पण चिमटे खाता खाता तिला वळण लागलं. कुठं बोलायचं, कुठं थांबायचं, हे कळायला लागलं. मारेकरी कोण ते ठाऊक असलं तरी ती आधी फोडायची नाही. आणि एखाद्या प्रसंगात आई आपणहून गप्प झाली, की धम्मप्रियानं समजावं, आता कान टवकारायचे.

फक्त एका जागी तिचं बोलणं ठरलेलं असायचं. दोघं जवळ आली, बोलणं थांबलं, नुसती बासरी वाजायला लागली, की चांगुणाबाई घाईनं म्हणायची, "काय न्हाय. फुलं हायत."

ही फुलं धम्मप्रियानं कित्येक वर्षं खरी मानली. कॉलेजात तिला मनाली भेटली. मनाली तिला पुस्तकं वाचून दाखवायची, परीक्षेच्या तयारीला तिच्या घरी येऊन बसायची. एकदा दोघी सिनेमाला गेल्या आणि बासरी वाजायला लागल्यावर धम्मप्रिया सहज म्हणाली, "फुलं आली वाटतं."

"कसली फुलं?" मनालीनं विचारलं. मग तिनं खरं काय चाललंय ते सांगितलं, आणि पुढचा पिक्चर दोघींनाही हसण्याच्या नादात कळला नाही.

घरी आल्यावर मात्र धम्मप्रियाचं हसू मावळलं. "आई, मला त्याची लाज नाही वाटत," ती म्हणाली. "पण तू माझ्या वाटणीचा पिक्चर कापून देत होतीस गं."

चांगुणाबाई तांदूळ निवडत राहिली. सुपात हात फिरल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आजूबाजूला मानसं असायची. मला कसंतरी व्हायचं. आता न्हाय कापणार." आणि त्यानंतर तिनं शब्द पाळला.

बी.ए. झाल्यावर धम्मप्रियाला शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात फोनवर नोकरी लागली. एकदा ऐकलेला आवाज ती विसरायची नाही. पेशंटचा नातेवाईक नुसतं "हॅलो" म्हणाला की ती म्हणायची, "बोला काका, आज कसं आहे काकूंना?" लोकांना ती आवडायची. पण दिवसभर लोकांचे फोन इकडून तिकडं जोडताना तिला वाटायचं, आपल्याला याहून काहीतरी वेगळं येतं. ते काय, ते तिला नीट सांगता यायचं नाही.

तिनं अर्ज केले नाहीत असं नाही. पुण्यात एका ऑफिसची मुलाखत झाली होती. अर्जात डोळ्यांचं काही लिहू नको, आधी बोलवू दे, मग बघू, असं नागनाथचं म्हणणं पडलं आणि तिनं ते ऐकलं. मुलाखतीला नागनाथच तिला घेऊन गेला. खोलीत शिरताना तिची काठी दाराला लागली आणि आतलं बोलणं एकदम थांबलं. मग समोरच्या साहेबांचा आवाज तिच्यावरून उठून बापाकडं वळला. "ह्या चहा घेतील का?" साहेबांनी नागनाथला विचारलं. साहेब वाईट नव्हते, गडबडून गेले होते. पण त्या खोलीत धम्मप्रियाला पुढं कुणी फारसं काही विचारलं नाही.

मनाली आता चिंचोळीच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात माणसांच्या भरतीचं काम बघायची. एका सकाळी तिचा फोन आला. "धम्मे, ऐक. मुंबईच्या त्या मोठ्या कंपनीची जाहिरात आलीय. सिनेमे काढतात, मालिका काढतात, त्यांचं ॲप तू रोज ऐकतेस, तीच. मराठी ऑडिओ डिस्क्रिप्शनसाठी माणसं पाहिजेत."

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते संवादांच्या मधल्या जागेत बोलून सांगायचं, न दिसणाऱ्यांसाठी. धम्मप्रिया फोन कानाला धरून उभीच राहिली.

"म्हणजे," ती म्हणाली, "आई जे करते ते."

"तेच. पण त्याला कव्हर लेटर जोडायचंय. एक पान. मराठीतही चालेल म्हणालेत."

मनालीनं तिला नमुन्याचं एक पत्र पाठवलं. धम्मप्रियाच्या संगणकावर अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. त्याच्या कोरड्या आवाजात पत्र वाजायला लागलं. 'मी मेहनती, जबाबदार व सकारात्मक वृत्तीची असून आपल्या नामांकित संस्थेत कार्य करण्यास उत्सुक आहे.' धम्मप्रियानं ते दोनदा ऐकलं. तिला वाटलं, हा तर संगणकच नोकरी मागायलाय.

तिनं मनालीला तसं सांगितलं. मनाली हसली नाही. म्हणाली, "खरंय. माझ्या टेबलावर अशी पत्रं रोज येतात. नाव झाकलं तर कुणी लिहिलंय कळत नाही, आणि कंपनीचं नाव झाकलं तर कुणाला लिहिलंय ते कळत नाही. नमुना मी तुला मांडणी कळावी म्हणून पाठवला. तू असं लिही, की ते पत्र उचलून दुसऱ्या कंपनीला पाठवायचं म्हटलं तर पाठवताच येऊ नये."

ही गोष्ट धम्मप्रियाच्या डोक्यात पक्की बसली. तिनं लिहायला घाई केली नाही. त्या कंपनीच्या ॲपवर वर्णन लावलेले जेवढे सिनेमे होते, हिंदी असोत की आणखी कुठले, तेवढे तिनं ऐकले. हॉस्पिटलातून आली की हातपाय धुऊन ती कानात इअरफोन घालून बसायची. जिथं वर्णन ऐकून पोट भरायचं ती जागा लक्षात ठेवायची, जिथं खडा लागायचा ती पण. मग रविवारी तोच सिनेमा आईबरोबर लावायची, वर्णन बंद करून. चांगुणाबाई आपल्या पद्धतीनं सांगायची आणि धम्मप्रिया दोन्ही ताडून बघायची. कधी कंपनीचं वर्णन सरस निघायचं. "बघ आई, त्यांनी खिडकीतला दिवा सांगितला. तू विसरलीस."

"मी एकटी किती बघू?" चांगुणाबाई म्हणायची. "तितं पगारी मानसं हायत!"

मग लिहायला बसल्यावर पहिल्याच ओळीला गाडं अडलं. आपण आंधळे आहोत हे लिहायचं की नाही?

"लिहू नको," नागनाथ म्हणाला. "पुण्याला बघितलंस न्हवं? वाचलं की बाजूला ठेवत्यात. आणि मला एक सांग, पिक्चरच्या कामाला नोकरी म्हणत्यात व्हय? बँकेच्या परीक्षेला बस. सरकारी जागा बघ."

"पप्पा, पुण्याला मी लिहिलं नव्हतं. म्हणूनच तसं झालं," धम्मप्रिया म्हणाली. "दारातून आत गेल्यावर त्यांना कळलं, म्हणून त्यांची बोबडी वळली. आणि हे काम कुणासाठी आहे? माझ्यासाठीच आहे की. मीच लपवून ठेवलं तर मग त्यांना सांगू काय?"

 नागनाथ उठून बाहेर गेला, पण बाहेरच्या कट्ट्यावर बसून तो आतलं सगळं ऐकतोय, हे त्याच्या खोकल्यावरून तिला कळत होतं.

पत्र लिहायला तिला बरेच दिवस लागले. पहिला मजकूर तीन पानांचा झाला. त्यात लहानपण होतं, अंधशाळा होती, पुण्याची मुलाखतही होती. मनालीनं वाचून सांगितलं, "तुझी कहाणी चांगली आहे. पण त्यांना तू हवी आहेस का ते ठरवायचंय, त्यांना रडवायचं नाहीये." धम्मप्रियाला राग आला. रागातच तिनं निम्मं पुसून टाकलं, आणि पुसल्यावर उरलेलं ऐकलं तेव्हा राग गेला. शेवटी जे राहिलं ते असं होतं:

'मी जन्मापासून आंधळी आहे. तुम्ही सिनेमाला वर्णन लावता ते ज्यांच्यासाठी, त्यांतली मी एक. तुमच्या ॲपवरचे वर्णन असलेले सगळे सिनेमे मी ऐकले आहेत, काही दोनदा.

पुराच्या सिनेमात गाव बुडतं तेव्हा तुमचा निवेदक बराच वेळ एक शब्दही बोलत नाही. ते मला फार आवडलं. पाण्याचा आवाज पुरेसा होता. पण दुसऱ्या एका सिनेमात नायिका घर सोडून जाते, तेव्हा तो "ती दाराला कडी लावते" असं सांगतो आणि नेमका कडीचा आवाज त्याच्या बोलण्याखाली जातो. कडी आम्हाला ऐकू येते. कडी लावताना तिनं मागं वळून पाहिलं का, ते ऐकू येत नाही. मी माझ्या आईला विचारलं. पाहिलं म्हणाली. ते सांगायला हवं होतं.

रंग सांगत जा. मला लाल दिसत नाही, पण विधवेनं लाल साडी नेसली तर गाव काय बोलेल ते मला माहीत आहे.

माझी आई चांगुणा सरवदे शाळेत खिचडी शिजवते. तिनं मला सोलापूरच्या थेटरांत सिनेमे सांगितले. कुठं बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं हे आम्ही दोघी मिळून शिकलो. चुंबनाच्या जागी ती मला फुलं आहेत असं सांगायची. आम्हाला फुलं सांगू नका, एवढी विनंती.

सोबत तुमच्याच सिनेमातल्या एका प्रसंगाचं मराठी वर्णन जोडलं आहे. पाहिलं आईनं, शब्द बसवले मी.'

पाठवण्याआधी तिनं ते आईला वाचून दाखवलं. चांगुणाबाई आधी माना डोलावत, हुंकार देत ऐकत होती. फुलांपाशी आल्यावर किंचाळली.

"अगं बया! ते बी लिहिलंस? मुंबईच्या मानसांला?"

"काढू का?"

चांगुणाबाई थांबली. "खरंच हाय म्हणा ते," ती म्हणाली. "पण माझं नाव कशाला? मी कोण? तितं मोठी मोठी मानसं वाचणार."

"तूच शिकवलंस ना मला? मग दुसऱ्या कुणाचं नाव लिहू?"

 पदरानं नाक पुसल्याचा आवाज तेवढा आला. मग ती म्हणाली, "खिचडी लिहिलंस ती बरी असती म्हणून लिही की एवढं." ते मात्र धम्मप्रियानं लिहिलं नाही.

पत्र गेलं आणि पुढं सगळं शांत. उन्हाळा सरत आला. नागनाथ रोज घरी आला की चप्पल काढता काढता विचारायचा, "काय आलं का?" नको म्हणणाऱ्या माणसानं रोज का विचारावं, हे धम्मप्रिया त्याला कधी विचारत नसे. आणि एका दुपारी हॉस्पिटलातच तिचा मोबाइल वाजला. बाईचा आवाज होता, घाईतला पण आपुलकीचा. "धम्मप्रिया सरवदे का? तुमचं पत्र आमच्या टीममध्ये सगळ्यांनी वाचलंय. आपण बोलू या का?"

बोलणं व्हिडिओवर झालं. मनाली मुद्दाम रजा काढून आली होती. कॅमेरा नीट लागलाय ना, एवढं बघून ती बाजूच्या खोलीत जाऊन बसली. पलीकडं दोघंतिघं होती. त्यांतल्या, फोन केलेल्या बाईंनी मोकळेपणानं विचारलं, "एक शंका आहे, राग मानू नका. तुम्हाला चित्र दिसत नाही. मग वर्णन बरोबर आहे की चूक, हे तुम्ही कसं ठरवणार?"

"बरोबर आहे का, ते दिसणाऱ्या माणसानं ठरवावं," धम्मप्रिया म्हणाली. "पुरेसं आहे का, ते मी सांगीन. ऐकून मला विचारावं लागलं की 'मग काय झालं?', तर कमी पडलं. मला चिमटा काढावासा वाटला, तर जास्त झालं."

चिमट्याचं तिला समजावून सांगावं लागलं. पलीकडं सगळे मोठ्यानं हसले, आणि त्या हसण्यात अवघडलेपण नव्हतं. शेवटी बाई म्हणाल्या, "तुमच्या आई आहेत का घरात? त्यांना नमस्कार सांगायचाय." चांगुणाबाई ओले हात पुसत आली, पडद्यासमोर उभी राहून म्हणाली, "जय भीम, मॅडम. पोरगी लई बारीक ऐकती, तुमी जपून बोला," आणि लगेच आत पळाली.

वर्णन लिहिण्याची जागा तिला मिळाली नाही. ती मुंबईतल्याच एका डोळस लेखकाला गेली, आणि हे ऐकून धम्मप्रियाचा चेहरा उतरला हे मनालीला दिसलं. पण कंपनीनं तिच्यासाठी दुसरं काम काढलं. लिहून झालेलं प्रत्येक मराठी वर्णन सिनेमाला लागण्याआधी तिच्याकडं यायचं. ते ऐकून तिनं सांगायचं, कुठं कमी, कुठं जास्त, कुठं गप्प बसा. काम घरी बसून करायचं, आणि करार वर्षाचा. हॉस्पिटलातली नोकरी तिनं लगेच सोडली नाही, फक्त पाळी सकाळची मागून घेतली. त्या लेखकाशी तिचे पहिले काही आठवडे चांगलेच खटके उडाले. तो 'तो विषण्ण मुद्रेनं उभा आहे' असं लिहायचा आणि ती म्हणायची, "मला मुद्रा नको. खांदे कसे आहेत ते सांगा." तिलाही त्याच्याकडून बरंच शिकायला मिळालं. कॅमेरा जवळ येतो, लांब जातो, त्यानं गोष्ट कशी बदलते, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यानं ते शांतपणे, उदाहरणं देऊन समजावलं. ती मग आईलाही विचारायला लागली, "लांबून दाखवलंय का जवळून?" चांगुणाबाई म्हणायची, "आता हे आणि काय नवीन?"

तिनं तपासलेला पहिला सिनेमा ॲपवर आला तो धरणाकाठच्या एका मासेमार बापाचा आणि त्याच्या लेकीचा होता. तो आला त्या दिवशी नागनाथ सकाळी नेहमीसारखा कुर्डुवाडीला गेला. संध्याकाळी गाडीची वेळ उलटली तरी घरी आला नाही. चांगुणाबाई दारात येरझाऱ्या घालायला लागली. शेवटी फोन वाजला.

"मी होटगीला हाय," नागनाथ म्हणाला. मागून स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती.

"होटगीला? पप्पा, तुम्ही सोलापूर ओलांडून पुढं गेलात?"

"उतरायचं राहून गेलं."

"झोप लागली का?"

"झोप कुटली!" नागनाथ जरा चिडूनच बोलला. "मोबाइलवर तुझा तो पिक्चर लावला होता. त्यात ते सांगतंय न्हवं, ते कसं लागतंय बघावं म्हणून डोळं मिटून बसलो. ते म्हातारं होडी घेऊन निघालं, पोरगी काठावर हुबी, आणि मी म्हटलं आता जाती का थांबती ते बघून उतरू. तवर सोलापूर गेलं की मागं."

चांगुणाबाईनं कपाळाला हात मारल्याचा आवाज आला. धम्मप्रिया मात्र फोन कानाशी धरून बसली होती. ज्या माणसानं हयातभर एक स्टेशन चुकवलं नाही, तो होटगीच्या फलाटावर उभा होता.

"कळलं का सगळं?" तिनं विचारलं. "डोळे मिटून?"

"कळलं की. एकदा बी डोळं उघडलं न्हाईत." मग नागनाथनं विचारलं, "परतीच्या गाडीला अजून वेळ हाय. तू तपासलेला दुसरा कुटला आलाय का?"

"दुसरा पुढच्या महिन्यात येणार, पप्पा."

"मग हाच परत लावतो," नागनाथ म्हणाला. "सुरवातीचं जरा गडबडीत ऐकलं होतं. तुझ्या आईला सांग, भाकरी झाकून ठेव म्हणावं."